के. बी. सुंदरांबाळ ऐकायच्या कशा: नाट्यसंगीताचा कान असलेल्यांसाठी

नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाला तमिळचं अक्षर येत नसलं तरी के. बी. सुंदरांबाळ ऐकता येतात, आणि मनापासून आवडतात. फक्त सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवून घ्या. तमिळ बोलपटाच्या पहिल्या पिढीतल्या या गायिका-अभिनेत्रीबद्दल कुणालाही विचारलं की पहिल्यांदा गायक-नट एस. जी. कित्तप्पांबरोबरची प्रेमकहाणी सांगतात. रंगभूमीवर जुळलेली जोडी, लग्न, भांडणं, कित्तप्पांचं ऐन सत्ताविशीत जाणं आणि बाईंनी जन्मभरासाठी नेसलेली पांढरी साडी. सगळं खरं आहे. पण कित्तप्पा गेले 2 डिसेंबर 1933 ला. बाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि त्या गेल्या 1980 मध्ये. त्यांचे सगळे चित्रपट, विधान परिषद, राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री हे त्या तारखेनंतरचं आहे. म्हणून माझा आग्रह असा, की कहाणी शेवटी ठेवा. आधी काम ऐका.

मी इचलकरंजीचा, धंदा सुताचा. सुतासाठी इरोड-कोईमतूरकडं जाणं-येणं कायमचं. वडील संगीत नाटकांच्या साथीला पेटी वाजवायचे, ती पेटी आता माझ्याकडं आहे. इरोडचे माझे दलाल, ज्यांना मी अण्णा म्हणतो, त्यांनी एकदा हिशेबाच्या वह्या मिटल्यावर मोबाइलवर एक गाणं लावलं नि म्हणाले, "सार, अर्थ नंतर सांगतो, आधी आवाज ऐका." त्यांची पद्धत मला पटली आणि पुढचा क्रम मी त्याच पद्धतीनं लावला आहे.

पहिलं गाणं 'तिरुविळैयाडल' मधलं. चित्रपट 1965 चा, दिग्दर्शक ए. पी. नागराजन, संगीत के. व्ही. महादेवन, शिवाच्या भूमिकेत शिवाजी गणेशन. गाण्याचे शब्द: "पळम नी अप्पा, ज्ञानप्पळम नी अप्पा". फळ तूच आहेस रे बाबा, ज्ञानाचं फळ तूच. प्रसंग तुम्हाला अर्धा माहीत आहे. नारद एक फळ आणतो, शंकर-पार्वती दोन्ही मुलांना पृथ्वीप्रदक्षिणा करायला सांगतात, धाकटा मोरावर बसून निघतो, गणपती आईबापांभोवती फिरून फळ घेऊन मोकळा होतो. आपल्याकडं गोष्ट इथंच संपते. कार्तिकस्वामी रुसून दक्षिणेला जातात आणि आपण गणपतीबरोबर घरी राहतो. तमिळ माणसाची गोष्ट तिथून पुढं सुरू होते, कारण तो रुसलेला मुरुगन त्यांच्या पळनीच्या डोंगरावर येऊन उभा राहिला. त्याची समजूत काढायला येते औवैयार, म्हातारी कवयित्री. हातात काठी, कपाळावर विभूती. त्याच सुंदरांबाळ.

आपल्या भागात बायकांनी कार्तिकस्वामींचं दर्शन घेऊ नये असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हे मनात ठेवून तो प्रसंग बघा. एक म्हातारी बाई थेट त्याच्यासमोर उभी राहते, नातवाला समजवावं तशी त्याला चार शब्द सुनावते आणि त्याला ऐकावं लागतं. मला हा प्रसंग बघताना दर वेळी भरून येतं.

आता ऐकायचं काय? सुरुवातीचा भाग ताल नसलेला आहे. याला तिकडं विरुत्तम म्हणतात. मृदंग थांबलेला, पद्याच्या ओळी एकेक करून रागात मांडायच्या, शब्द मोडू द्यायचा नाही. नाटकात नट पदाच्या आधी आलापातून जागा तयार करायचे तो बाज आठवा. पहिल्या वेळी डोळे मिटून फक्त ओळींच्या शेवटाकडं लक्ष द्या. बाई ओळ संपवताना आवाज मागं घेत नाहीत, शेवटच्या अक्षरावर तो आणखी रुंद होतो. दुसऱ्या वेळी शब्दफेक बघा. 'अप्पा' हा शब्द गाण्यात पुन्हापुन्हा येतो, कधी लाडानं, कधी दटावून, आणि वरच्या सुरावर असताना त्यात हाक मारल्यासारखी ओढ असते. माईक नसलेल्या रंगमंचावर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेला हा गळा आहे. आपल्या जुन्या मंडळींच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकल्यात त्यांना खुल्या आवाजाची ही जात लगेच ओळखू येईल. तिसऱ्या वेळी पेटी काढा आणि सा शोधा. तिकडं पट्टी 'कट्टै' मध्ये मोजतात. आपली पांढरी एक म्हणजे त्यांची एक कट्टै, तिथून पांढऱ्या पट्ट्या मोजत जायचं.

इथं एक सावधगिरी घ्या. यूट्यूबवरच्या जुन्या चित्रपटांच्या प्रती अनेकदा टीव्ही किंवा व्हीसीडीवरून घेतलेल्या असतात. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, आपल्याकडचा जुना टीव्ही 25 नी चालायचा. तेवढ्या फरकानं गाणं सुमारे चार टक्के जलद होतं आणि सूर पेटीच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून थोडा जास्त वर सरकतो. पेटीशी सूर जुळत नसेल तर पेटीला दोष देऊ नका आणि बाईंनाही नाही. त्याच गाण्याच्या दोन-तीन प्रती ऐकून बघा. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीनं स्वतः टाकलेली प्रत शक्यतो धरावी.

त्याच चित्रपटात "ओन्ड्रानवन, उरुविल इरंडानवन" हेही बाईंचं गाणं आहे. शिव एक आहे, रूपानं दोन आहे, अशी आकड्यांची चढती मांडणी. तमिळ अंक मोजायला शिकायचे असतील तर यापेक्षा चांगला मार्ग नाही. आणि चित्रपट लावलाच आहे तर बालमुरलीकृष्णांचं "ओरु नाळ पोदुमा" ऐकल्याशिवाय उठू नका.

यानंतर 'कंदन करुणै', 1967. दिग्दर्शक तेच, बाई पुन्हा औवैयार. मुरुगन तिला विचारतो की जगात दुर्मिळ काय, गोड काय, मोठं काय, क्रूर काय. ती गाऊन उत्तर देते, आणि ही उत्तरं तमिळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. क्रूर काय, तर गरिबी. तिच्याहून क्रूर तरुणपणातली गरिबी. अण्णांनी मला या ओळी समजावल्या तेव्हा बाईंचं बालपण मला माहीत नव्हतं. ते पुढं सांगतो, कारण ते कळल्यावर ही ओळ निराळी ऐकू येते.

मग मोठा चित्रपट: 'औवैयार', 1953. जेमिनी स्टुडिओ, निर्माते एस. एस. वासन, दिग्दर्शक कोत्तमंगलम सुब्बु. लांब आहे, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. हत्तींचा कळप येऊन किल्ला पाडतो तो भाग प्रसिद्ध आहे, तो मुलांना दाखवा, त्यांना आवडेल. तुम्ही मात्र सुरुवातीचा भाग नीट बघा. औवै तरुण आहे, घरचे लग्न ठरवतात, आणि ती विनायकाची प्रार्थना करते की माझं तारुण्य काढून घे, मला म्हातारी कर. देव ऐकतो. पडद्यावर मुलगी जाते आणि सुंदरांबाळ येतात. तिथून पुढं ही बाई एकटी गावोगाव फिरते, राजांना शहाणपण सांगते, भांडणं मिटवते.

वीस वर्षांनी, 1973 मध्ये, बाईंनी 'कारैक्काल अम्मैयार' मध्ये काम केलं. ही शैव संत. नवरा तिला देवी समजून सोडून जातो तेव्हा ती शंकराकडं मागणं मागते की ज्याच्यासाठी हे रूप सांभाळलं तोच नाही, तर हे रूपही नको. मग भुतासारखं हाडाचं शरीर घेऊन ती कैलासाला हातांवर चालत जाते, देवाच्या डोंगराला पाय लागू नयेत म्हणून. या दोन भूमिका शेजारी ठेवून बघा. दोन्ही बायका तारुण्य आपणहून टाकतात, आणि त्यानंतर त्यांचा आवाज मोठा होतो. बाईंच्या पांढऱ्या साडीकडं लोक फक्त दुःखाची खूण म्हणून बघतात. मला या भूमिकांवरून वाटतं की त्या साडीत त्यांनी स्वतःसाठी वाट मोकळी करून घेतली होती. पुरुष नायकाबरोबर काम करणार नाही असं त्यांनी ठरवलं, आणि त्या काळात नायिकेला हे ठरवूनही पोट भरता आलं, नाव मिळवता आलं. अशा किती जणी दाखवता येतील?

हा निर्धार घेऊन त्या पडद्यावर आल्या त्या 1935 मध्ये, 'नंदनार' या चित्रपटात. मराठी माणसानं इथं थोडं जास्त थांबावं. नंदनार म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतला शेतमजूर संत, ज्याला चिदंबरमच्या नटराजाचं दर्शन हवं आहे आणि ब्राह्मण मालक जाऊ देत नाही. आपला चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी ही कथा गाण्यांत बांधली, आणि ती गाणी तिकडं घराघरांत गेली. चित्रपटात नंदनारची, म्हणजे पुरुषाची, भूमिका सुंदरांबाळ यांनी केली. मालकाच्या भूमिकेत होते महाराजपुरम विश्वनाथ अय्यर, त्या काळचे पहिल्या फळीतले कर्नाटक गायक. बाईंना या कामाचे एक लाख रुपये मिळाले, आणि दक्षिणेतल्या चित्रपटाच्या इतिहासात हा आकडा आजही सांगितला जातो.

आणि त्याच 1935 मध्ये पुण्यात काय झालं? प्रभातचा 'धर्मात्मा' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, विषय अस्पृश्यता, आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. ज्यांनी आयुष्यभर रंगमंचावर स्त्री उभी केली ते पडद्यावर पुरुष संत झाले, आणि त्याच वर्षी तिकडं रंगभूमीवरची नायिका पुरुष संत झाली. दोघं गाणारे नट, दोघांच्या अंगात नाटक कंपनी मुरलेली, दोन्ही चित्रपट गांधीजींच्या हरिजन चळवळीच्या वाऱ्यातले. मला हा योग फार मोलाचा वाटतो. 'धर्मात्मा' तुम्ही बघितला असेल तर तो मनात ठेवून नंदनारची गाणी ऐका. प्रभातचा तमिळशी संबंधही जुना आहे. 1934 चा तमिळ 'सीता कल्याणम' प्रभातनंच काढला, दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. सुरुवातीला मद्रासला बोलपटाची सोय नसल्यानं तमिळ मंडळी मुंबई, कोलकाता, कोल्हापूर, पुणे इथं येऊन चित्रीकरण करत. 'कालिदास' हा 1931 चा पहिला तमिळ बोलपटही मुंबईत, आर्देशिर इराणींच्या इंपीरियलमध्ये तयार झाला.

मधल्या 'मणिमेकलै' (1940) बद्दल एवढंच, की नर्तकीची मुलगी राजपुत्राला नाकारून बौद्ध भिक्षुणी होते अशी ती कथा आहे. पुन्हा तशीच, संसार नाकारणारी बाई.

राजकारण समजून घेतल्याशिवाय 'पूंपुहार' बघू नका. बाई कट्टर काँग्रेसच्या. काँग्रेसचे पुढारी सत्यमूर्ती यांच्या बरोबरीनं त्या प्रचारसभांत गायच्या, खादी घालायच्या. 1951 मध्ये त्या मद्रास विधान परिषदेवर गेल्या. चित्रपटसृष्टीतून विधिमंडळात पोचलेली देशातली पहिली व्यक्ती म्हणून त्यांचं नाव घेतात. तमिळनाडूत पुढं पडद्यावरून सत्तेत किती जण गेले हे सगळ्यांना माहीत आहे, पण या वाटेवरचं पहिलं पाऊल एका बाईचं होतं हे तिकडचेही पुष्कळ लोक विसरतात. आता 1964 चा 'पूंपुहार': पटकथा-संवाद एम. करुणानिधींचे, म्हणजे द्रमुकचे, म्हणजे विरोधी गोटातले. 'शिलप्पदिकारम' या महाकाव्यावरची ही कथा. कण्णगी आणि कोवलन यांच्याबरोबर चालत जाणारी कवुंदी अडिगळ ही जैन तपस्विनी सुंदरांबाळ यांनी केली. देव मानणारी काँग्रेसची बाई आणि देव न मानणारा लेखक एका चित्रपटात आले, आणि त्यातून "वाळ्क्कै एन्नुम ओडम" हे गाणं निघालं: आयुष्य नावाची होडी. हे गाणं मी प्रवासात लावतो. यात तिरुविळैयाडलसारखी झेप नाही, आवाज खालच्या अंगानं चालतो, आणि वयाचा खरखरीतपणा लपवलेला नाही.

1969 च्या 'तुणैवन' साठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1970 मध्ये पद्मश्री. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या.

आता बालपण. ते वाचण्यापेक्षा जमलं तर रेल्वेतून बघा. इरोडहून करूर-तिरुच्चीकडं जाणारी पॅसेंजर पकडा. चाळीसेक किलोमीटरवर कोडुमुडी. नावातलं 'के' म्हणजे हेच गाव, आणि 'बी' म्हणजे आई बालांबाळ. 1908 मध्ये जन्म, घरी हलाखी, आणि लहानगी सुंदरांबाळ आगगाडीत गाऊन पैसे मिळवायची. तिला ऐकलं एफ. जी. नटेश अय्यर यांनी. ते रेल्वेतले अधिकारी, तिरुच्चीत नाटकांचा मोठा शौक. त्यांच्यामुळं ती कंपनीत गेली. खिडकीशी बसा, डब्यात कुणीतरी पेरू विकत असतं, चाकांचा आवाज सतत चालू असतो. त्या आवाजावर गळा चढवून गायचं आणि शिवाय लोकांनी पैसे द्यावेत इतकं चांगलं गायचं, हे एका लहान मुलीनं केलं. नंतर रंगभूमीवर माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज कुठून आला, याचं अर्धं उत्तर मला त्या डब्यात मिळालं. गरिबीच्या त्या ओळीही मी परतीच्या प्रवासात पुन्हा ऐकल्या.

कोडुमुडीत उतरल्यावर कावेरीकाठचं मगुडेश्वराचं देऊळ बघा. ब्रह्मा, विष्णू, शिव तिघंही एका आवारात आहेत, आणि ब्रह्मदेव ज्या झाडाखाली आहे ते झाड म्हणजे आपली शमी. गावात 'केबीएस' म्हटलं की वयस्कर माणसं बोलती होतात. गांधीजी त्यांच्या घरी आले, त्यांना सोन्याच्या ताटात वाढलं आणि त्यांनी ते ताटच मागून घेतलं ही गोष्ट तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. ऐकून घ्या, मध्ये तारखा विचारू नका. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो अभिमान असतो तो बघण्यासारखा आहे.

आणि आता, इतकं झाल्यावर, कित्तप्पा. सेंगोट्टैचे. बाईंहून दोन वर्षांनी मोठे. दोघं एकत्र उभे राहिले ते सिलोनच्या दौऱ्यात, 1926 च्या सुमारास. त्या काळी तिकडं 'स्पेशल नाटकम' चालायचं. ठरलेली कंपनी नाही, त्या रात्रीपुरते नामवंत नट वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलवायचे, कथा सगळ्यांना पाठ, आणि मंचावर एकमेकांवर मात करायची, गाण्यानं आणि हजरजबाबीपणानं. वल्ली आणि तिच्या प्रेमात पडलेला वेलन, म्हणजे मुरुगन, समोरासमोर आले की नाटक बाजूला राहून गाण्याची जुगलबंदी रंगायची. कित्तप्पांचा दबदबा इतका की सिलोनमध्ये बाईंना आधीच बजावलं होतं, त्यांच्यापुढं टिकणार नाहीस. त्या टिकल्या.

कित्तप्पांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या मुद्रिका सहज सापडतात. "कोडैयिले इळैप्पाट्री" आधी लावा. वळ्ळलार रामलिंग स्वामींचं विरुत्तम: उन्हाळ्यात विसाव्याला मिळालेलं गार झाड तू. मग त्यागराजांची "एवरनि". आवाज इतका वर आणि ताना इतक्या वेगात की पहिल्या वेळी मुद्रिकेचा वेग चुकला की काय असं वाटतं. दोघांच्या गाण्यातला फरक इथं कळतो. कित्तप्पा स्वरावर धावतात, बाई शब्दावर उभ्या राहतात. एकीनं दुसऱ्याची छाया घेतलेली नाही. ज्यांनी आधी कहाणी ऐकली आणि मग गाणं, त्यांना बाईंच्या प्रत्येक सुरात कित्तप्पा ऐकू येतात. या क्रमानं आलात तर दोन स्वतंत्र गवई समोर येतील. पेटीवाल्यांसाठी आणखी एक: कित्तप्पांचे भाऊ काशी अय्यर पेटीला असायचे. विरुत्तमाच्या साथीत गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत पेटी कशी शिरते आणि लगेच बाहेर कशी पडते, ते नीट ऐकून घ्या. नाट्यपदाच्या साथीला त्याचा सरळ उपयोग होतो.